म्हशीपुढचा युक्तिवाद

१९ एप्रिल १९५९, रविवार. वर्षाचे गहू उन्हातून काढून त्यांना एरंडेल लावायला घेतलं आहे. एक पोतं झालं, दीड बाकी आहे. मध्येच हात धुऊन लिहायला बसले, कारण डोक्यात दुसरंच चाललं आहे आणि त्या नादात एकाच पाटीला दोनदा तेल लागलं.

उद्या संध्याकाळी पाचच्या आत पुण्याला कलेक्टर कचेरीत ठकूबाईचा हरकतीचा अर्ज पोचला पाहिजे. ठकूबाई ही माझी अशील. इंद्रायणीच्या पलीकडे, चाकणच्या अलीकडे तिचं गाव. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या जमिनीतला विहिरीचा तुकडा कारखान्यासाठी घेणार अशी नोटीस तिला आली आहे. हरकत घ्यायला तीस दिवस मिळतात, त्यातला उद्याचा शेवटचा. विहीर गेली तर तिच्या उरलेल्या जमिनीत कुसळंसुद्धा उगवणार नाहीत. अर्ज मी लिहून ठेवला आहे आणि चांगला लिहिला आहे. विहीर सोडा, तिच्याऐवजी वरचा माळ घ्या, एवढंच मागणं, सोबत नकाशा. फक्त त्यावर ठकूबाईचा अंगठा नाही. थोरल्या बाईंनी सांगितल्याशिवाय अंगठा लावणार नाही, असं ती म्हणते.

थोरल्या बाई म्हणजे ती. पूर्वी माझ्याबरोबर चिंचवडात एका खोलीत वकिली करायची, मग परदेशात आपल्या वकिलातीत गेली, आता दिल्लीत उपमंत्री आहे. मी धाकट्या बाई. वास्तविक मी तिच्याहून दीड वर्षाने मोठी आहे.

तिच्याबद्दल कोणी विचारलं की मी म्हशीपासून सुरुवात करते. आमची खोली चिंचवड गावठाणात होती, मागे घरमालक बाबूरावांचा गोठा. कोर्टात जे बोलायचं ते ही आदल्या दिवशी गोठ्यात जाऊन म्हशीला ऐकवायची. गाऊन घालून, हातात कागद घेऊन, पायात थोरल्या भावाचे जुने कॅनव्हासचे बूट. बूट का, तर शेणात पाय भरू नयेत म्हणून. पुढे तेच बूट घालून ती कोर्टातही जायला लागली.

"रवंथ करायची थांबली की समजायचं माझा आवाज चढला," ती सांगायची. "जिथे म्हैस थांबते तिथे न्यायाधीशही थांबतो. ते वाक्य मी काढून टाकते."

बाबूराव बिचारे एकदा माझ्याकडे आले. "बाई, तुमच्या मैत्रिणीला सांगा जरा. कलमं आयकल्यापास्नं म्हस पान्हा सोडंना."

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "फौजदारी कलमांनी असं होत असेल. दिवाणी ऐकवते." आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून ती फक्त दिवाणी दावे म्हशीला ऐकवायला लागली. दूधही नेहमीसारखं झालं असं बाबूराव म्हणाले. अशा गोष्टी तिच्याच बाबतीत घडायच्या. मी तीच म्हैस महिनाभर पाळली असती तर ती लाथ मारून मोकळी झाली असती.

जेवणाचं तिचं काही खरं नव्हतं. स्वयंपाक येत नव्हता आणि शिकायचीही इच्छा नव्हती. शेंगा आणि गूळ यांवर ती आठवडा काढायची. टरफलं कागदांत राहायची. खेडच्या कोर्टात एकदा तिने दस्तऐवज पुढे केला तर त्यातून चार टरफलं टेबलावर पडली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "ही निशाणी किती?" त्यांनी विचारलं. कोर्टात पुराव्याच्या कागदावर नंबर पडतो त्याला निशाणी म्हणतात. ती म्हणाली, "साहेब, हा पुरावा आम्ही मागे घेतो." आणि टरफलं उचलून गाऊनच्या खिशात टाकली. कोर्ट हसलं, साहेब हसले. माझ्या कागदांतून कधी काही पडलं नाही. माझे कागद टाचलेले, नंबर घातलेले असायचे, आणि ते पाहून कोणी कधी हसलं नाही.

पुण्याच्या लॉ कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी तेव्हा लग्न होऊन आलेली, एक मूल सासूबाईंकडे ठेवून येणारी. तरी मी वरच्या वर्गात पास झाले. ती पुराव्याच्या कायद्यात नापास झाली. पुढच्या वेळी माझी वही घेऊन अभ्यास केला आणि सुटली. ती वही मला परत मिळाली नाही. मागितली तेव्हा म्हणाली, "अगं, त्यात मी इतकं लिहून ठेवलंय की ती आता तुझी राहिलीच नाही." रागावणार कशी? वाक्य संपायच्या आत ती निघून गेली होती. ती नेहमी तशीच जायची. येते, निघते, काही नाही. समोरची खुर्ची रिकामी दिसली की समजायचं, बाई गेल्या.

आता ठकूबाईचा पहिला दावा सांगते, म्हणजे अंगठ्याचं प्रकरण कळेल.

ठकूबाईची विहीर तिच्या आणि तिच्या थोरल्या दिराच्या, गणपतच्या, सामाईक मालकीची. चार दिवस त्याची मोट चालायची, चार दिवस हिची. याला पाळी म्हणतात. नवरा गेल्यावर दोन वर्षांनी गणपतने हिची मोट अडवली. ठकूबाई आमच्याकडे आली. दावा लागला. गणपतने पुण्याचा वकील दिला. त्या वकिलाने एक यादी काढली. गेल्या दोन वर्षांत, ठकूबाईची पाळी असूनही तिची मोट बंद होती असे अकरा दिवस, तारखांसकट. म्हणजे बाईने हक्क वापरलाच नाही, सोडून दिला, असं त्यांचं म्हणणं. साक्षीदार शपथेवर सांगून गेले. खरंच त्या दिवशी मोट बंद होती. ठकूबाईनेही कबूल केलं.

"का बंद होती?" आम्ही तिला विचारलं.

"आता ते काय ध्यानात ऱ्हातंय व्हय बाई? बंद आसंल."

ती यादी मी घरी आणली. मला यादी दिसली की ती कशाशी तरी ताडून पाहायची खोड आहे. सासूबाईंच्या फडताळात मागच्या वर्षांची पंचांगं होती. पहिली तारीख काढली, अमावास्या. दुसरी काढली, अमावास्या. अकराच्या अकरा. आमच्या या भागात अवसेला बैल जुंपत नाहीत. ज्याच्या पाळीत अवस येईल त्याचा तो दिवस बुडाला, भरून मिळत नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गाव तिथीने चालतं आणि कोर्ट तारखेने, त्यामुळे यादी बघून कोणाच्या लक्षात आलं नाही. गणपतच्या वकिलाला तर बैल टांग्याला लावतात की मोटेला इथपासून शंका असावी.

दुसऱ्या दिवशी मी तिला दाखवलं. ती शेंगा खात होती. खायची थांबली, म्हणजे म्हशीसारखंच. मग म्हणाली, "वा."

मी म्हटलं, "पंचांग दाखल करू या. सोबत एक अर्ज लिहिते. रूढी शाबीत करायला दोन साक्षीदार आणू."

"नको," ती म्हणाली. "काहीच करू नकोस."

पुढच्या वेळी साहेब उलटतपासणीची तारीख देत होते. ही उठली. त्या दिवशी अडचण आहे, अमुक तारीख द्यावी, म्हणाली. मला वाटलं, पुण्याला काही काम असेल.

त्या तारखेला गणपत पिंजऱ्यात उभा राहिला. एरवी तो आपल्या गाडीतून यायचा. शिंगं रंगवलेली खिलारी जोडी कोर्टासमोर सोडायचा, येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावी म्हणून. त्या दिवशी त्याचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरले होते.

"गणपतराव," हिने अगदी घरच्यासारखं विचारलं, "आज चालत आलात?"

"व्हय."

"गाडी मोडली की काय?"

"मोडायला काय झालं? गाडी ठणठणीत हाय."

"मग बैल आजारी असतील."

"आजारी पडत्यात दुसऱ्याची. माजी जोडी तालुक्यात एक लंबर हाय." मागे बसलेली त्याची माणसं हसली. तो खूष झाला.

"एवढी चांगली जोडी, आणि दहा मैल पायी आलात?"

"आवो बाई, आज आवस न्हाई का? आवसंला बैल कोन जुपतंय? वकील झाला, आन एवढं बी ठावं न्हाई?"

पुन्हा हशा. हीही हसली. "शहरातली बाई, मला काय कळणार? म्हणजे अवसेला गाडी नाही जुंपत. नांगर?"

"न्हाई."

"आणि मोट?"

"न्हाई," तो म्हणाला आणि मग मान वळवून आपल्या वकिलाकडे बघायला लागला. त्याचा वकील उठला आणि परत खाली बसला. मग हिने माझ्याकडे हात केला आणि मी पंचांग दिलं. अकरा तारखा तिने एकेक वाचल्या. प्रत्येक तारखेला साहेब स्वतः पानावर बोट ठेवून बघत होते.

त्या तारखा मी काढल्या होत्या. पण मी असते तर पंचांग निशाणी म्हणून दाखल करून, रूढीवर पाऊण तास बोलले असते. न्यायाधीशांनी जांभई दिली असती आणि दावा कदाचित जिंकलेही असते. गणपतच्या तोंडून ते वदवून घ्यायचं, आणि त्याच्यासाठी अवसेचा दिवस मागून घ्यायचा, हे मला सुचलं नसतं. सात वर्षं झाली, अजून मी ते उलटसुलट करून बघते. मला ते सुचलं नसतंच.

पंचांग निशाणी होऊन कोर्टात राहिलं. सासूबाई जाईपर्यंत विचारत होत्या.

निकाल ठकूबाईच्या बाजूने लागला तेव्हा ती हिच्या पायावर पडली. हिने तिला दंड धरून उठवलं. गणपतने पूर्वी एकदा ठकूबाईचा कोऱ्या कागदावर अंगठा घेतला होता, ते सगळं दाव्यात निघालं होतं. म्हणून ही सगळ्या लोकांसमोर मोठ्याने म्हणाली, "ठकूबाई, नीट ऐका. इथून पुढे मी सांगितल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा लावायचा नाही. देव आला तरी नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी शेजारीच उभी होते, दोघींच्या पिशव्या आणि फायली धरून. मला तेव्हाच वाटलं होतं की हे वाक्य अर्धवट आहे, ही उद्या इथे नसली तर काय? पण अशा वेळी चुका काढणारी बाई कोणाला आवडत नाही.

आणि ती खरंच राहिली नाही. पुढच्याच वर्षी दिल्लीहून एक वृद्ध गृहस्थ आले. सरकारला वकिलातीत पाठवायला कायदा शिकलेल्या बायका हव्या होत्या, आणि कोणीतरी त्यांना चिंचवडच्या दोघींचं सांगितलं होतं. दोघींचं, हे मी मुद्दाम लिहिते. मी खोली झाडून घेतली, शिरा करून नेला. त्यांनी मला वीसेक मिनिटं प्रश्न विचारले. एकही उत्तर चुकलं नाही. ही अर्ध्या तासाने गोठ्यातून आली, गाऊनला गवत चिकटलेलं. त्यांनी विचारायच्या आधी हिनेच त्यांना विचारलं, "तिकडे थंडी किती असते? आणि शेंगा मिळतात का?"

ते हसले. मग त्यांनी दोघींना एकच प्रश्न विचारला. परदेशी जायची वेळ आली तर?

मी म्हणाले, "घरी विचारून सांगते."

ती म्हणाली, "कधी निघायचं?"

आमच्या ह्यांनी त्या रात्री मला सांगितलं, "तू हो म्हणाली असतीस तर मी नाही म्हटलं नसतं." ते खरं बोलत होते. म्हणजे अडवणारं कोणी नव्हतं. नवऱ्याने अडवलं, सासूने अडवलं, असं सांगता आलं असतं तर माझं जरा बरं झालं असतं.

दिल्लीला मुलाखतीला जायला तिच्याकडे धड साडी नव्हती. माझी जांभळी नारायणपेठ मी दिली. मीच दिली, तिने मागितली नव्हती. मुलाखत झाली, नेमणूक झाली, ती परस्पर गेली. सहा महिन्यांनी वर्तमानपत्रात फोटो आला. कुठल्याशा राजवाड्याच्या पायऱ्यांवर आपले राजदूत, त्यांच्यामागे चार माणसं, त्यांत ही. काठ बघितल्याबरोबर मी साडी ओळखली. खाली लिहिलं होतं की बाईंच्या उंची साडीने उपस्थितांचं लक्ष वेधून घेतलं. मी तो अंक ह्यांच्यापुढे धरला. ते म्हणाले, "बघ, तू नाही तरी तुझी साडी जाऊन आली." ते विनोद करत होते. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

साडीबद्दल तिने कधी अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या वर्षी एक पार्सल आलं, त्यात लोकरीचे जाड पायमोजे. चिंचवडात! ह्यांना झाले ते, थंडीत पहाटे फिरायला जाताना घालतात.

पत्रं मात्र यायची. लहान, कार्डाएवढी. "इथे म्हैस नाही. कराराचे मसुदे मी दारवानाला ऐकवते. त्याला इंग्रजी येत नाही, पण मान छान डोलावतो. म्हशीइतका प्रामाणिक नाही." दुसरं एक असं: "काल एका देशाचे वकील दोन तास बोलले. तू असतीस तर त्यांना टाचणी मारून फायलीला लावलं असतंस." प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ, "तुझं काय चाललंय ते लिही." मी पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं. पुढे काय लिहायचं? खेडला तारीख पडली, तारीख वाढली, धाकट्या मुलाला गोवर आला. ते लिहून ती हसली असती असं नाही, उलट तिला ते वाचायला आवडलं असतं. म्हणूनच लिहिलं नाही.

परत आली, निवडून आली, उपमंत्री झाली. त्यानंतर एकदा चिंचवडला तिचा सत्कार झाला. मोटारीतून उतरली ती थेट बाबूरावांच्या गोठ्यात. मागे हार घेऊन धावणारी मंडळी. "म्हैस कुठाय?" बाबूरावांनी ती विकून टाकली होती. "अरेरे," ती म्हणाली, "माझ्या तोंडून दोन वर्षं नको ती वाक्यं सुटतायत, ते यामुळेच." लोक लोटपोट हसले. मग व्यासपीठावरून तिने मला शोधून काढलं. मी बायकांत तिसऱ्या रांगेत होते. "त्या बसल्यात ना," ती बोट दाखवून म्हणाली, "त्यांच्या वहीवर मी पास झाले. ठकूबाईच्या दाव्यातल्या तारखा त्यांनी काढल्या. ती बाई नसती तर मी आज शेंगा विकत असते." प्रचंड टाळ्या पडल्या. त्या तिच्या मोठेपणाला पडल्या. शेजारच्या बाई डोळे पुसत मला म्हणाल्या, "केवढं मन आहे हो त्यांचं!"

तिचं वाईट व्हावं असं मला एकदाही वाटलेलं नाही. तिच्या वाट्याला जे आलं ते माझ्या यायला हवं होतं, एवढंच वाटलं, आणि ते रोज वाटतं. ते माझ्या का आलं नाही हेही मला ठाऊक आहे, त्याने काही कमी होत नाही.

तर शुक्रवारी ठकूबाई आली. मी अर्ज वाचायला घेतला तर तिने हात आडवा धरला.

"वाचू नगा बाई. आधी थोरल्या बाईंनी काय सांगितलंय त्ये सांगा."

"त्यांना यातलं काही माहीत नाही, ठकूबाई. त्या दिल्लीला आहेत."

"मग तार करा. त्यांनी हां म्हनू द्या, का लावते अंगठा."

"सोमवारी मुदत संपते."

"न्हाई बाई. त्यांनी कोर्टात सांगितलंय, धा मानसांफुडं. माज्याबिगर कुनाचं आयकायचं न्हाई. येकदा अंगठा दिऊन बसले व्हते, धा वरसं त्रास काडला."

"विहीर जाईल, ठकूबाई."

"थोरल्या बाई हायत, कशी जाईल?"

मला राग आला. मी म्हटलं, "मागच्या वेळी त्या अवसेच्या तारखा कोणी शोधून काढल्या, ठाऊक आहे? मी."

तिने माझ्याकडे समजूत घालावी तसं पाहिलं. "व्हय की. तुमी कागद धरून हुब्या व्हता. मला याद हाय."

ती गेली. तार करायला शनिवारचा अख्खा दिवस होता. पोस्ट घरापासून दहा मिनिटांवर. "ठकूबाईला अंगठा लावायला सांग," एवढे शब्द पुरले असते. दुपारपर्यंत उत्तर आलं असतं, याबाबत ती कधी दिरंगाई करत नाही. मी गेले नाही. गव्हाला ऊन दाखवायचं आहे, असं स्वतःला सांगितलं आणि गच्चीवर दिवसभर गहू पसरले, वळवले, गोळा केले. ऊन इतकं होतं की गहू दोन तासांत कडकडीत झाले होते.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "तार केलीस?"

"गहू वाळत होते."

"गहू मंगळवारीही वाळले असते," ते म्हणाले.

आज सकाळच्या वर्तमानपत्रात आहे की ती काल रात्री कुठल्याशा परिषदेसाठी परदेशी रवाना झाली. म्हणजे आता तार नाही, फोन नाही. माझ्यासाठी मी काय गमावलं ते मला सहा वर्षं पाठ आहे. पण ही विहीर माझी नाही. माझ्या हेव्यापायी ठकूबाईच्या मोटेला पाणी नाही, असा हिशेब उद्या संध्याकाळी पाचला पक्का होणार. एरंडेल लावताना मी दुसरं काही करता येईल का ते शोधत होते. करता येण्यासारखं एकच आहे. ते मला मुळीच आवडलेलं नाही.

सोमवार. अर्ज दाखल झाला. सव्वाअकराला शिक्का पडला, पोच फायलीला लावली. कसा झाला ते लिहून हे संपवते, उरलेले गहू पडून आहेत.

पहाटे भोसरीपर्यंत टांगा केला, तिथून पहिली एस.टी. धरली. साडेसहाला ठकूबाईच्या शेतावर होते. ती विहिरीच्या काठावर चूळ भरत होती.

"थोरल्या बाईंचा निरोप आलाय," मी म्हणाले. वकिलाने अशिलाशी खोटं बोलू नये. मी वीस वर्षांत बोलले नव्हते.

ती लगबगीने पदराला हात पुसत आली. "काय म्हनल्या?"

"म्हणाल्या, अर्जावर अंगठा लावा."

"आन अर्ज कुनी लिवला?"

हाच प्रश्न येणार हे मला एस.टी.त बसल्यापासून ठाऊक होतं. "त्यांनीच सांगितला," मी म्हणाले. "मी फक्त उतरवून घेतला."

"मग आता वाचा."

मी वाचला. ती डोळे मिटून ऐकत होती, मध्ये मध्ये मान हलवत होती. विहीर सोडा, वरचा माळ घ्या, हे आलं तेव्हा तिने मांडीवर थाप मारली.

"बगा! मानूस दिल्लीत हाय, पर माजा माळ कुटं हाय ते त्यास्नी बराबर याद. असलं डोस्कं लागतं, धाकल्या बाई. त्ये शिकून येत न्हाई."

"नाही येत," मी म्हणाले, आणि तिचा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबला.